रँग्लर म्हणजे काय हो, बाई?

मुलांनो, परवा पाचवीच्या वर्गात एक गंमत झाली. धड्याच्या ओघात मी 'रँग्लर परांजपे' असं नाव घेतलं, तर मागच्या बाकावरून एकजण उठला आणि म्हणाला, "बाई, रँग्लर तर माझ्या दादाच्या जीन्सवर लिहिलेलं असतं. हे परांजपे जीन्स विकायचे का?" सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. पण मग वाटलं, ह्याचं तरी काय चुकलं? आजी-आजोबांच्या वेळी 'रँग्लर' म्हटलं की लोक आदरानं मान डोलवायचे. आता हा शब्द पॅन्टच्या खिशापाशीच भेटतो! तेव्हा आज तुम्हांला त्या शब्दाची आणि तो मिळवणाऱ्या काही कॉलेजकुमार-कुमारींची गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये केंब्रिज नावाचं गाव आहे आणि तिथं आठशे वर्षांहून जुनं विद्यापीठ आहे. तिथल्या गणिताच्या ऑनर्स परीक्षेला 'ट्रायपॉस' म्हणतात. 'ऑनर्स' म्हणजे काय? नुसतं पास होणं वेगळं आणि एकाच विषयात खोल बुडी मारून सन्मानानं वर येणं वेगळं. ही खोल बुडीची परीक्षा. 'ट्रायपॉस' हे नाव तीन पायांच्या स्टुलावरून पडलं म्हणतात. फार पूर्वी लेखी पेपर नसत. विद्यार्थ्यानं लॅटिन भाषेत वादविवाद करायचा आणि समोर स्टुलावर बसलेला पदवीधर त्याला अडवायचा. इंग्रजीत 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणं, म्हणून जो उत्तम हुज्जत घालतो तो रँग्लर! पुढं परीक्षा लेखी झाली, पण नाव तेच राहिलं. ऑनर्सच्या पहिल्या वर्गात येणारे सगळे रँग्लर आणि त्यांच्यातला अगदी पहिला तो सीनिअर रँग्लर. (आणि जीन्स? अमेरिकेत घोडे राखणाऱ्याला रँग्लर म्हणतात, तिकडून ती आली.)

ही परीक्षा म्हणजे काय चीज होती बघा. १८५४ साली आठ दिवसांत सोळा पेपर, मिळून साडेचव्वेचाळीस तास आणि दोनशे अकरा प्रश्न! तुमच्या सहामाहीचे सहा पेपर आठवून किती हायसं वाटलं ना? शिवाय निकाल एका मोठ्या सभागृहात सगळ्यांसमोर, क्रमानं नावं वाचून. पहिल्याचा जयजयकार व्हायचा. आणि शेवटच्याला काय मिळायचं सांगू? लाकडी चमचा! ऑनर्स मिळवणाऱ्यांत जो सगळ्यांत खाली, तो पदवी घ्यायला आला की मित्र वरच्या सज्जातून दोरीनं एक भलामोठा लाकडी चमचा त्याच्या डोक्यावर सोडत. १९०९ सालचा शेवटचा चमचा तर होडीच्या वल्ह्याचा बनवला होता, मीटरभराहून लांब. तो सेंट जॉन्स कॉलेजच्या एका नावाड्या पोरानं पटकावला. मला तर हा चमचेवाला फार आवडतो. इतकी अवघड परीक्षा शेवटच्या नंबरानं का होईना, पण पार केली की त्यानं!

इथं आईबाबांसाठी एक गोष्ट हळूच सांगते. कोचिंग क्लास हे आजचं खूळ नाही. एडवर्ड राऊथ नावाचे केंब्रिजचे एक खाजगी शिक्षक होते. त्यांच्या हाताखालून पंचविसाहून अधिक सीनिअर रँग्लर तयार झाले. हे राऊथ स्वतः १८५४ चे सीनिअर रँग्लर. आणि त्या वर्षी दुसरा कोण आला ठाऊक आहे? जेम्स क्लार्क मॅक्सवेल! वीज आणि चुंबक यांचं नातं समीकरणांत बसवणारा आणि प्रकाश ही त्याच विजेची-चुंबकाची लाट आहे हे सांगणारा. आज पहिल्या आलेल्या राऊथसाहेबांना गणितवाले ओळखतात आणि दुसऱ्या आलेल्या मॅक्सवेलला सारं जग. असो, आपण आपल्या माणसाकडं येऊ.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात, अंजर्ल्याजवळ मुर्डी नावाचं छोटं गाव आहे. माड-पोफळी, लाल वाटा आणि जवळच समुद्र. तिथं १६ फेब्रुवारी १८७६ ला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. मुलगा हुशार, पण खेड्यात पुढच्या शिक्षणाची सोय कुठली? त्या वेळी त्याच्या मदतीला आला त्याच्या नात्यातला एक मोठा भाऊ. हा भाऊ कोण? धोंडो केशव कर्वे. हो, पुढं ज्यांना आपण महर्षी कर्वे म्हणू लागलो तेच.

ह्या धोंडूची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १८७५ सालची गोष्ट. त्याला परीक्षेला बसायचं होतं आणि केंद्र होतं साताऱ्याला. मुरुडहून सातारा म्हणजे मधे अख्खा सह्याद्री उभा. गाडी नाही, रस्ता नाही. पोरं पायी निघाली, डोंगर चढून-उतरून धापा टाकत साताऱ्याला पोचली. आणि तिथल्या साहेबानं ह्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "तू तर सतरा वर्षांचा दिसतच नाहीस!" झालं. परीक्षेला बसू दिलं नाही. किरकोळ अंगाचा म्हणून घरी परत! मुलांनो, मी ही गोष्ट वर्गात सांगते तेव्हा दरवेळी कुणीतरी चिडून विचारतं, "मग त्यानं भांडण का नाही केलं?" काय सांगणार? पण ज्याच्या पायाला असे फोड आलेले असतात, त्याला दुसऱ्याच्या वाटेतला दगड दिसतो. कर्वे मुंबईत शिकवण्या करून राहत होते. पैशाची ओढाताण होतीच, तरी त्यांनी लहानग्या रघुनाथला शिक्षणासाठी आपल्यापाशी मुंबईला आणलं.

रघुनाथ मुंबईच्या मराठा हायस्कूलमध्ये शिकला. १८९१ साली कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. रघुनाथही त्याच कॉलेजात आला. त्या वेळचं फर्ग्युसन म्हणजे काय विचारता! गोपाळ कृष्ण गोखले तिथं शिकवत होते आणि १८९२ पासून आगरकर प्राचार्य होते. ह्या मंडळींचा एक नियम होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य व्हायचं तर वीस वर्षं शिकवायचं आणि पगार महिना पंचाहत्तर रुपये. हे आकडे लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहेत.

पदवी मिळाली आणि १८९६ साली, विशीतला हा मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर आगबोटीनं विलायतेला निघाला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाला. (होय, तो लाकडी चमच्याचा नावाडी पुढं ह्याच कॉलेजातून निघाला!) मुर्डीहून थेट केंब्रिज! तिकडची थंडी निराळी, जेवण निराळं, रीतभात निराळी. परांजप्यांच्या मनात गणिताइतकंच प्रेम होतं ते क्रिकेटबद्दल. म्हातारपणी त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'एटी-फोर नॉट आऊट', म्हणजे चौऱ्याऐंशी नाबाद! असा माणूस परक्या मुलखात फार दिवस एकटा पडत नाही.

जून १८९९. सभागृह खच्चून भरलेलं. निकालाचं वाचन सुरू झालं, आणि पहिल्या जागेवर एक नाही, दोन नावं निघाली. सारखेच ठरलेले दोघं : बर्टविसल आणि परांजपे! कोकणातल्या खेड्यातला पोरगा, पारतंत्र्यातल्या देशाचा, साहेबाच्याच घरी जाऊन साहेबाच्याच सगळ्यांत अवघड परीक्षेत पहिला. त्याआधी १८७४ साली बंगालचे आनंदमोहन बोस रँग्लर झाले होते, पण सीनिअर रँग्लर झालेला पहिला भारतीय हाच. तार इकडं आली आणि जो तो तेच बोलू लागला. त्या दिवसापासून 'रँग्लर' हे परांजप्यांच्या नावाआधी जणू कायमचं शिवलं गेलं.

आता खरी परीक्षा पुढं होती. एवढा मोठा मान मिळाल्यावर सरकारी खात्यातली भरगच्च पगाराची नोकरी काही अवघड नव्हती. इकडं फर्ग्युसन होतं : वीस वर्षं आणि पंचाहत्तर रुपये. परांजपे परत आले आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. १९०२ साली, पंचविशी ओलांडल्या-ओलांडल्या, ते प्राचार्यही झाले आणि दोन दशकं त्यांनी ते कॉलेज सांभाळलं.

मी शाळेत असताना आमच्या एका सरांनी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मला रागच आला होता. वाटलं, हा माणूस केंब्रिजमध्येच राहता तर केवढा संशोधक झाला असता! आणि खरंच, परांजप्यांच्या नावावर गणितातलं फार मोठं संशोधन नाही. काही लोक आजही त्याबद्दल हळहळतात. आता स्वतः शिक्षिका झाल्यावर माझं मत जरा बदललंय. पण पूर्ण बदललंय असंही नाही म्हणता येत. तुम्हांला काय वाटतं ते घरी जेवताना बोलून पाहा. वाद झाला तर होऊ द्या, रँग्लरचा अर्थच तो! पुढं ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले. आणि ज्या भावानं बोट धरून मुंबईला आणलं, त्याच्या महिला विद्यापीठाचं कुलगुरूपदही त्यांनी काही काळ सांभाळलं. सिनेमा-नाटकवाल्या सई परांजपे ह्या त्यांच्याच नात.

"पण बाई, मुली नव्हत्या का रँग्लर?" हा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारला, आणि विचारला ते बरंच झालं.

होत्या ना! फिलिपा फॉसेट ऐका. तिचे वडील हेन्री फॉसेट आंधळे होते. तरी ते इंग्लंडच्या पार्लमेंटात निवडून आले आणि भारताची बाजू इतकी मांडत की लोक त्यांना चेष्टेनं 'भारताचे सभासद' म्हणत. आई स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून झगडणारी. फिलिपा केंब्रिजच्या न्यूनहॅम ह्या मुलींच्या कॉलेजात गणित शिकत होती. त्या काळी मुलींना ट्रायपॉसला बसू देत, पण त्यांचा नंबर मुलांच्या यादीत लावत नसत. मुलांची यादी वाचून झाली की मुलींची वेगळी वाचायची आणि अमकी अमक्या नंबरच्या मुलाच्या बरोबरीची, असं सांगायचं. ७ जून १८९० ला मुलांचा सीनिअर रँग्लर जाहीर झाला. मग मुलींच्या यादीतलं पहिलं नाव आलं : फॉसेट, "सीनिअर रँग्लरच्या वर"! सभागृहात असा काही गलका उठला की पुढचं ऐकू येईना. तिचे गुण मुलांतल्या पहिल्यापेक्षा तेरा टक्क्यांनी जास्त होते म्हणतात.

मग तिला पदवी मिळाली असेल? नाही. मुलगी ना! बायकांना पूर्ण पदवी द्यायला केंब्रिजनं १९४८ साल उजाडू दिलं. फिलिपा त्याच वर्षी वारली. मधल्या काळात ती काही रुसून बसली नव्हती. दक्षिण आफ्रिकेत जाऊन तिनं शाळा उभारायला मदत केली आणि मग लंडनच्या शिक्षण खात्यात कितीतरी वर्षं काम केलं.

ह्याच न्यूनहॅम कॉलेजात १९३७ साली आपली एक मुलगी पोचली, कमला भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत तुमच्या आईबाबांना ठाऊक असतील, त्यांची ही धाकटी बहीण. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. वडील आणि काका दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, म्हणून हिनंही तिकडं अर्ज केला. तिथले संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? मुलगी आहे म्हणून! कमलाबाई सरळ बंगलोरला गेल्या आणि गांधीजींचा सत्याग्रह त्यांच्या दाराशी नेऊन ठेवला. प्रवेश दिल्याशिवाय हलणार नाही! शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेसारखं, काम समाधानकारक वाटलं तरच पुढं. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम. आणि मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचून माझ्या तोंडात आलेला शब्द मुलांच्या मासिकात छापता येणार नाही. वर्ष संपलं. काम पाहून रामनना आपलं मत बदलावं लागलं आणि त्यानंतर मुलींना तिथं प्रवेश मिळू लागला. मोठा शास्त्रज्ञ म्हणजे सगळ्याच बाबतीत मोठा, असं नसतं बरं का.

केंब्रिजमध्ये कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' हा पदार्थ असतो हे दाखवून दिलं. पेशी ज्या पद्धतीनं श्वसन करते, त्यात ह्या पदार्थाचं मोठं काम असतं. प्रबंध केवढा? अवघी चाळीस पानं, चौदा महिन्यांत. १९३९ साली विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्या बसल्या. परत येऊन लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. ताडाच्या-माडाच्या नीरेत कोणती पोषक द्रव्यं आहेत आणि ती कुपोषित मुलांना किती उपयोगी पडते, ह्याचा त्यांनी अभ्यास केला. केंब्रिजचा बटाटा ते कोकणातली नीरा!

आता शेवटचा मुलगा. खरं म्हणजे बापलेकाची जोडी. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३० साली रँग्लर झाले. पंडित मालवीयांनी बोलावलं म्हणून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायला गेले. त्यामुळं त्यांचा मुलगा जयंत जन्मला कोल्हापुरात (१९ जुलै १९३८), वाढला बनारसला, घरात मराठी आणि शाळेत हिंदी. त्या घरात मुलांसाठी फळा होता. जयंतचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, गणितज्ञ. ते शिकायला ह्यांच्या घरी राहायला आले. एके दिवशी फळ्यावर कोडं लिहिलेलं, वर मथळा : जयंतला आव्हान! मामानं तोंडानं काहीच सांगितलं नाही. कोडं सुटेपर्यंत किंवा जयंत हात टेकेपर्यंत ते पुसायचं नाही, एवढंच. जाता-येता ते नजरेस पडणार. विचार करा, घरातल्या भिंतीवर रोज एक चिमटा काढणारा प्रश्न! टीव्हीच्या जागी हा फळा लावला तर आपली काय गत होईल?

जयंतराव १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, १९५९ मध्ये वडिलांसारखेच रँग्लर झाले. तोवर नंबर क्रमानं वाचण्याची पद्धत कधीच बंद पडली होती. १९०९ नंतर यादी वर्णानुक्रमानं लागू लागली. ही नंबरांची शर्यत मोडावी म्हणून झटणाऱ्यांत एक होते हार्डी, स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. आणि गंमत पाहा, १९१३ मध्ये ह्याच हार्डींना मद्रासहून एका कारकुनाचं पत्र आलं, पानंच्या पानं गणितानं भरलेली. तो कारकून कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास झालेला, शिष्यवृत्ती गमावलेला. त्याचं नाव रामानुजन. त्याची गोष्ट एका अंकात मावायची नाही.

जयंतरावांनी फ्रेड हॉईल ह्या गुरूबरोबर विश्वाबद्दल, गुरुत्वाकर्षणाबद्दल संशोधन केलं. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हा ते सत्तावीसही पूर्ण नव्हते. १९७२ मध्ये मुंबईला परतले, १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी केली. तिथं शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होऊ लागली. पण मला त्यांच्या दोनच गोष्टी फार आवडतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा नवख्याची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. हा जगताप कोण? नावाची आद्याक्षरं उलटी वाचा : ज, वि, ना! आपलं मोठं नाव बघून परीक्षकांनी नंबर देऊ नये, म्हणून ही शक्कल.

दुसरी गोष्ट पोस्टकार्डाची. मुलं त्यांच्याकडं सही मागायला धावायची. ते वहीत सही देत नसत. म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी सही करून उत्तर पाठवीन. आणि खरंच पाठवत! २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा कितीतरी जणांनी जुन्या पेटीतून ती कार्डं बाहेर काढून एकमेकांना दाखवली. सही एका ओळीची, पण तिच्यासाठी आधी आपल्याला काहीतरी प्रश्न पडावा लागायचा.

तर हे सगळं सांगून झाल्यावर आमच्या वर्गानं ठरवलं, फळ्याचा उजवा कोपरा मामांचा. नियम तोच, सुटेपर्यंत पुसायचं नाही. पहिलं कोडं मी लिहिलं. एका शाळेला तीस खिडक्या आणि वर्गात तीस मुलं. पहिल्या मुलानं सगळ्या खिडक्या उघडल्या. दुसऱ्यानं दर दुसरी बंद केली. तिसरा दर तिसऱ्या खिडकीपाशी गेला, ती उघडी असेल तर त्यानं लावली, बंद असेल तर उघडली. चौथ्यानं दर चौथीपाशी जाऊन तसंच केलं. असं करत तिसावा येईपर्यंत. शेवटी कोणकोणत्या खिडक्या उघड्या राहिल्या, आणि त्याच का?

"बाई, पण आपल्या शाळेला खिडक्या अकराच आहेत," मागच्या बाकावरचा जीन्सवाला लगेच म्हणाला. मग त्यानं अकरा खिडक्यांचंच उत्तर काढलं. ते बरोबर आहे. तिसांचं उत्तरही आता दोघी-तिघींकडं आहे, पण 'त्याच का' हे अजून कुणाला सांगता येत नाही. आज नववा दिवस. कोपरा तसाच आहे, आणि मराठीचं शुद्धलेखन मी फळ्याच्या डाव्या बाजूला दाटीवाटीनं लिहितेय.